दारू-सिगारेटच्या पैशातून लोकांना धडधाकट ठेवता येतं का? थायलंडची गोष्ट आणि आपला मार्च एंड

ओसरीवरचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो पण कामाच्या रगाड्यात राहून जात होतं. मी मूळचा सांगलीकडचा, गेली सहा वर्षं नोकरीनिमित्त थायलंडमध्ये आहे, रयाँगला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत.

आमच्या लाइनवरचा एक सुपरवायझर इसानचा आहे, म्हणजे ईशान्य थायलंडचा. त्याचे वडील वारले तेव्हा आम्ही चौघं गाडी करून त्याच्या गावी गेलो. तिकडे मयत लगेच उरकत नाहीत, तीन-चार दिवस घरी नाहीतर देवळात ठेवतात, रोज रात्री भिक्खू येऊन पठण करतात आणि गावकरी रात्रभर सोबतीला बसतात. आता रात्रभर बसायचं म्हटल्यावर यजमानाने जेवण आणि दारू पुरवायची ही जुनी पद्धत, बरोबरच्यांनी मला आधीच बजावलेलं की नको म्हणालास तरी ग्लास हातात देतील. प्रत्यक्षात पोचलो तर मांडवाच्या तोंडालाच एक कापडी फलक, आणि प्लास्टिकच्या ग्लासात बर्फ घालून गवती चहाचं गोड सरबत. दारूचा थेंब नाही. फलकावर काय लिहिलंय विचारलं तर म्हणाला, "बिनदारूची मयत". आजोबा गेले तेव्हा दारूवाल्याचं बिल चुकतं करायला म्हैस विकली होती म्हणे त्याच्या वडिलांनी, त्यामुळे त्यांनीच सांगून ठेवलेलं की माझ्या वेळी हे नको.

हा फलक कोणी दिला विचारलं तर म्हणाला "सॉ सॉ सॉ". मला आधी वाटलं चेष्टा करतोय. पण ते खरंच एका संस्थेचं बोलीतलं नाव आहे, थाय हेल्थ प्रमोशन फाउंडेशन. २००१ सालच्या कायद्याने स्थापन झाली. आणि तिचे पैसे कुठून येतात हे कळल्यावर मी परतीच्या वाटेवर तीन तास तेच वाचत बसलो.

कल्पना अशी आहे की दारू आणि तंबाखूवर सरकार जो अबकारी कर घेतं त्याच्यावर कंपनीने आणखी २% भरायचे. म्हणजे १०० बात (तिथलं चलन) कर असेल तर १०२ भरायचे, ते १०० सरकारी तिजोरीत आणि वरचे २ थेट या फाउंडेशनला. बजेटमधून मागून घ्यायचे नाहीत, अर्थमंत्र्याच्या दारात उभं राहायचं नाही, ३१ मार्चला (त्यांच्याकडे सप्टेंबर अखेर) पैसे परत जायची भानगड नाही. वर्षाला ४ अब्ज बातच्या आसपास जमतात, म्हणजे ढोबळमानाने हजार कोटी रुपये, साडेसहा कोटींच्या देशात. माणशी दीडशे रुपये फक्त लोक आजारी पडू नयेत यासाठी. हॉस्पिटलं, औषधं, डॉक्टरांचे पगार यासाठी त्यातला पैसाही नाही, ते वेगळं.

मला विचारायचंय ते हे, की आपल्यासारख्या देशात आजार होऊ नये म्हणून खर्च करायला कायमची तजवीज कशी करायची? हॉस्पिटल बांधलं तर फीत कापता येते. पण ज्याला हार्ट अटॅक आलाच नाही त्याची फीत कोण कापणार? तुमचे अनुभव, शंका सगळं लिहा.

चहाबाज_पुणेकर

पहिला! विषय चांगला, वाचनखूण साठवली. पण राव, आणखी एक सेस?? आपल्याकडे सेसची काय कमी आहे का. २०१८ च्या बजेटात शिक्षणाचा ३% सेस काढून आरोग्य आणि शिक्षण असा मिळून ४% केला, मी दर वर्षी रिटर्न भरतो तेव्हा ती ओळ दिसते आणि मनात येतं की यातला आरोग्याचा रुपया कुठे गेला असेल. आमच्या वॉर्डातल्या दवाखान्यात तर गेला नाही. सेस गोळा होतो पण ज्यासाठी घेतला त्या फंडात वेळेवर जात नाही हे कॅगने किती वेळा लिहिलंय. आणि मेख अशी की सेसमधला वाटा केंद्राला राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही, त्यामुळे केंद्राला सेस लय आवडतो. तेव्हा नाव आरोग्याचं आणि गाव कुणाचं ते आपण बघतोच आहोत.

ओसरीवरचा

@चहाबाज, हाच तर फरक आहे ना. आपला सेस आधी सरकारच्या मोठ्या पेटीत पडतो, मग तिथून कोणी आठवण ठेवून काढला तर फंडात. त्यांच्याकडे कायद्यातच लिहिलंय की मोठ्या पेटीत टाकायचाच नाही. आता अर्थखात्याला हे अजिबात आवडत नाही, कुठल्याच देशात आवडत नाही, कारण पैसा आपल्या हातून गेला की आपला रुबाब गेला. शिवाय एकाला दिलं की सगळे रांगेत. तिथेही नंतर तेच झालं, याच करातून खेळांच्या फंडाला २%, म्हाताऱ्यांच्या फंडाला २% (त्याला ४ अब्जांची मर्यादा), आणि थाय पीबीएस नावाचं टीव्ही चॅनलसुद्धा यावरच चालतं, १.५% आणि कमाल २ अब्ज बात. बातम्या बघायच्या तर कोणीतरी दारू प्यायलीच पाहिजे अशी गंमत.

शंकासुर

धागाकर्ते भारावून गेलेत असं वाटतंय. मी पण बँकॉकला गेलोय, तिथे सेव्हन-इलेव्हनमध्ये दुपारी २ ते ५ बियर देत नव्हते, कॅशियर बाई नुसती घड्याळाकडे बोट दाखवायची. हे तुमच्या सॉ सॉ सॉ चंच काम का? आम्हा पर्यटकांनी काय पाप केलंय.

ओसरीवरचा

नाही हो, तो नियम १९७२ चा, फाउंडेशनच्या कितीतरी आधीचा. सरकारी नोकर दुपारी पिऊन ऑफिसला येऊ नयेत म्हणून केलेला म्हणतात. फाउंडेशन स्वतः बंदी वगैरे घालत नाही, तो अधिकारच नाही त्यांना. ते पैसे देतात, जाहिराती करतात, संस्थांची जाळी उभी करतात. दारूची दुकानं बंद करायला ते आले असते तर लोकांनी दुसऱ्याच वर्षी पळवून लावलं असतं.

गटप्रवर्तक_ताई

नमस्कार. मी कधीच लिहीत नाही, फक्त वाचते, पण "मार्च एंड" शब्द बघितला आणि राहवलं नाही.

माझ्याकडे बावीस आशा आहेत. गावात आजार होऊ नये यासाठी जे काही करायचं ते करतो आम्हीच, आणि त्यासाठी जो पैसा म्हणून गावात येतो तो म्हणजे ग्राम आरोग्य पोषण समितीचा अबंधित निधी, वर्षाला १०,००० रुपये. पूर्ण गावाला हं, माणशी नाही. गाव दोन हजारांचं असेल तर माणशी पाच रुपये. ते पण वेळेवर आले तर. मी पाहिलंय की पैसे फेब्रुवारीच्या शेवटी खात्यावर येतात आणि १५ मार्चपासून वरून फोन सुरू, खर्च करा खर्च करा, यूसी (खर्च केल्याचा दाखला) द्या यूसी द्या. मग काय, फिनेल, ब्लिचिंग पावडर, सतरंजी आणि एक वजनकाटा. दर वर्षी वजनकाटा. आमच्या एका अंगणवाडीत तीन वजनकाटे आहेत आणि एकही नीट चालत नाही.

पोस्टरची गोष्ट सांगते. एका वर्षी २७ मार्चला जीप आली आणि पोस्टरचे चार गठ्ठे टाकून गेली. उघडलं तर काय, स्तनपान सप्ताह. तो असतो १ ते ७ ऑगस्टला. बरं म्हटलं ऑगस्टपर्यंत ठेवू, तर पावसात उपकेंद्राचं छत गळलं आणि लगदा झाला. एक गठ्ठा तेवढा वाचला कारण अंगणवाडीच्या ताईंनी आधीच नेऊन पोरांना मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायला दिला होता. चांगला जाड कागद होता. त्याचा उपयोग झाला म्हणायचा.

तेव्हा धागाकर्त्यांनी जे लिहिलंय की पैसे परत जायची भानगड नाही, मला त्या एका वाक्याचंच कौतुक वाटलं. किती टक्के आणि किती कोटी ते तुम्ही शिकलेली माणसं बघा. मला फक्त जूनमध्ये डेंग्यूसाठी पैसे लागतात ते जूनमध्ये हवेत.

चहाबाज_पुणेकर

ताई, दंडवत. माझा प्रतिसाद मागे घेत नाही पण आवाज खाली घेतो.

आकडेमोड

गटप्रवर्तक ताईंच्या प्रतिसादानंतर आकडे लिहायला जरा लाजच वाटते, पण आयडीला जागलं पाहिजे.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या २.५% करू. सरकारच्याच आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ ला तो १.८४% होता, आणि ते कोविडचं लसीकरण धरून. लोक खिशातून जो खर्च करतात तो एकूण खर्चाच्या ६४% होता २०१३-१४ ला, तो ३९% वर आला, ही चांगली गोष्ट, नाही म्हणायचं नाही. पण हा सगळा हिशोब आजारी पडल्यानंतरचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याला ७०,०५१ कोटी दिले, आकडा ऐकून मी खूष झालो होतो, मग बघितलं तर त्यात मुख्यतः उपकेंद्रांच्या इमारती, लॅब, तालुक्याचं युनिट अशी कामं. गरजेचीच आहेत पण ताईंच्या जूनच्या डेंग्यूला त्यातून काही नाही.

आता महाराष्ट्रापुरता हिशोब करून बघू. जून २०२५ मध्ये राज्याने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि वर्षाला १४,००० कोटी जास्तीचे येतील असं सांगितलं. समजा फक्त या वाढीव रकमेवर थायलंडसारखे २% बसवले, बाकी जुन्या शुल्काला हातही लावला नाही, तरी २८० कोटी होतात. पावणेतेरा कोटी लोकांत माणशी २२ रुपये. ताईंचे ५ आणि हे २२, तुलना तुम्हीच करा. आणि हे करायला दिल्लीला विचारावं लागत नाही, कारण पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर कर लावायचा अधिकार राज्याचा आहे. तंबाखूचं तसं नाही, तो केंद्राकडे आणि जीएसटीत.

सायंदेव

मला या सगळ्याची मुळातच किळस येते. लोकांना दारू पाजायची, त्यातून दोन टक्के काढायचे आणि मग त्याच लोकांना पिऊ नका म्हणून फलक लावायचे! चोराकडून वर्गणी काढून रखवालदार ठेवल्यासारखं आहे. आणि उद्या लोकांनी खरंच पिणं सोडलं तर फाउंडेशन बंद पडणार, मग त्यांना मनातून काय हवं असेल? लोकांनी प्यावं हेच ना?

ओसरीवरचा

@सायंदेव, प्रश्न रास्त आहे आणि तिथेही लोक विचारतात. पण आकडे बघा. १९९१ ला थायलंडमध्ये प्रौढांपैकी ३२% लोक सिगारेट-विडी ओढायचे, २०२१ ला १७.४%. तेवढ्यात फंड बंद पडला नाही, कारण कर वाढत गेला, ओढणारे कमी झाले तरी प्रत्येकाकडून जास्त येत गेलं. शिवाय दारूकडून येणारा वाटा मोठा आहे. ज्या दिवशी दारू-सिगारेट इतकी कमी होईल की फंड आटेल त्या दिवशी तो आटला तरी काय बिघडलं?

थोडा इतिहास पण सांगतो कारण तो रंजक आहे. १९९० मध्ये अमेरिकेने गॅटकडे (तेव्हाचा आंतरराष्ट्रीय व्यापार करार) तक्रार करून थायलंडला सिगारेटची बाजारपेठ उघडायला लावली. तोवर तिथे सरकारी सिगारेट कारखान्याची मक्तेदारी होती. निकालात मात्र एक फट होती, आयात अडवू नका पण जाहिरातबंदी आणि कर सगळ्यांना सारखे लावा, त्याला हरकत नाही. तिथल्या डॉक्टर मंडळींनी, त्यात प्रकित वाथेसाथोककित हे नाव सगळ्यात पुढे, ती फट बरोबर धरली. मग कर वाढवत नेले, आणि दहा वर्षांनी त्यातूनच या फंडाची कल्पना पुढे रेटली. म्हणजे हे काय एका दिवसात कोणाच्या डोक्यातून आलेलं नाही.

मेलबर्नची_मनी

आणि ती कल्पना त्यांनी आमच्याकडून नेली बरं का 🙂 इथे व्हिक्टोरिया राज्यात १९८७ च्या तंबाखू कायद्याने विकहेल्थ नावाची अशीच संस्था निघाली, तंबाखूवर ५% जादा आकारणी. त्यांनी पहिली गोष्ट काय केली तर फुटबॉल वगैरे क्लबांच्या जर्सीवर सिगारेट कंपन्यांची जी नावं असायची ती स्पॉन्सरशिप चक्क विकत घेतली. तुम्हाला कंपनी जेवढे देते तेवढे आम्ही देतो, तिचं नाव काढा, आमचं लावा. क्लबांना पैशाशी मतलब, त्यांनी काढलं.

पण पुढचं ऐका. १९९७ ला इथल्या हायकोर्टाने (इथलं ते सर्वोच्च कोर्ट) निकाल दिला की राज्यांना तंबाखूवर अशी फी लावताच येत नाही, तो केंद्राचा अधिकार. झालं, विकहेल्थची स्वतःची नळी तुटली आणि तेव्हापासून राज्याच्या बजेटमधून पैसे मिळतात. श्रीमंत देश, लोकांना सवय झालेली, म्हणून टिकलं. गरीब देशात अशी नळी तुटली की संपलंच. म्हणून आकडेमोड यांनी लिहिलंय ते महत्त्वाचं, कर लावायचा हक्क नक्की कोणाचा हे आधी बघायचं, भाषणं नंतर.

खर्रामुक्त

आता आमच्या गडचिरोलीचं ऐका जी. तुम्ही सगळे बाटली आणि पाकीट धरून बोलून राहिले. आमच्याकडे लोक खर्रा खातात. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटून देते तो, पाच मिनिटांत तयार. त्याच्यावर कोणता कर अन् कोणाचे दोन टक्के? ना कंपनी ना पाकीट ना छापील किंमत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, म्हणजे कागदावर करही शून्य अन् खाणंही शून्य, अन् ठेल्यामागे कोपऱ्यात बघाल तर थुंकीने भिंत लाल.

थायलंडला जमलं कारण तिथे दारू-सिगारेट मोजक्या मोठ्या कंपन्या बनवते. चार दारं ठोठावली की पैसे जमा. आपल्याकडे तंबाखू खाणारे ओढणाऱ्यांपेक्षा दुप्पट, अन् ओढणाऱ्यांत विडीवाले जास्त. अन् विडीचं काय झालं तर सप्टेंबर २०२५ ला जीएसटीत विडी २८ वरून १८ टक्क्यांवर आणली, तेंदूपत्ता १८ वरून ५ वर. बाकी तंबाखूला ४० टक्के ठरवले अन् विडीला सूट. मजुरांसाठी म्हणते.

आता मी कोणत्या तोंडाने बोलू, कारण आमच्या ग्रामसभेला तेंदूपत्त्याचाच पैसा येते. उन्हाळ्यात पंधरा दिवस घरदार जंगलात असते, पहाटे तीनला निघतो, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतो, त्याच्यात पोराची वर्षाची फी निघते. त्या पानाची विडी होते अन् ती कोणाच्या तरी छातीत जाते, हे मले समजते. पण पान तोडणं सोडा म्हणणाऱ्याने आधी मे महिन्यात येऊन दाखवावं.

ओसरीवरचा

@खर्रामुक्त, हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. खरं सांगायचं तर थायलंडमध्येही हीच भोकं आहेत. खेड्यात सुट्या तंबाखूची हाताने वळलेली सिगारेट ओढतात, याशेन म्हणतात तिला, तिच्यावर कर अगदी नावाला. आणि २०१७ ला त्यांनी सिगारेटवर दोन दर केले, ६० बातपर्यंतच्या पाकिटाला २०% आणि वरच्याला ४०%, तर परदेशी कंपन्यांनी काय केलं, महागडी पाकिटं गपचूप ६० बातवर आणून ठेवली. सरकारी कारखान्याचा धंदा बसला आणि सिगारेटही स्वस्त झाली. स्वस्त-महाग असे दोन दर ठेवले की लोक सोडत नाहीत, खालच्या दरात सरकतात.

दुबईतला_मालवणी

फिलिपिन्सनी हेच दोन-चार दर मोडून काढले. माझ्या ऑफिसात निम्मे फिलिपिनो, त्यांच्याकडून कळलं तेव्हा शोधलं. २०१२ चा त्यांचा सिन टॅक्स कायदा, २०१७ पर्यंत सगळ्या सिगारेटना एकच दर, आणि जास्तीच्या उत्पन्नातला मोठा वाटा आरोग्याला, त्यातून गरिबांच्या आरोग्यविम्याचे हप्ते सरकारने भरायचे. तंबाखू पिकवणाऱ्या जिल्ह्यांनाही १५% वेगळे ठेवले, म्हणजे खर्रामुक्त भाऊ म्हणतात तो प्रश्न त्यांनी निदान कागदावर तरी धरला.

पण गोष्ट इथे संपत नाही. विम्याच्या संस्थेकडे पैसे साठले. २०२४ ला अर्थखातं म्हणालं की तुमच्याकडे ८९.९ अब्ज पेसो पडून आहेत, ते द्या परत. ६० अब्ज गेले पण! लोक कोर्टात गेले, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने पुढचा हप्ता रोखला. माझा सहकारी म्हणाला, घरात डब्यात पैसे ठेवले की नवऱ्याला वास येतोच.

शंकासुर

हा हा, डब्याचं आवडलं. मग थायलंडमध्ये कोणाला वास आला नाही? हजार कोटींची संस्था आणि कोणी हात मारला नाही यावर माझा विश्वास नाही. ओसरीवरचे, खरं बोला.

ओसरीवरचा

आला ना. लष्करी राजवट आल्यावर २०१५ ला चौकशा लागल्या, पैसे आरोग्याच्या बाहेरच्या कामांना दिले, मंडळावरचे लोक ज्या संस्थांशी संबंधित त्यांनाच निधी मिळाला असे आरोप झाले, आणि जानेवारी २०१६ ला लष्करी सरकारने एका फटक्यात मंडळावरच्या सात जणांना काढलं. काही आरोपांत तथ्य होतं की नाही हा वाद अजून चालू आहे. मला जे दिसतं ते एवढंच की "आरोग्य" शब्दाची व्याख्या सैल होती. रस्त्यावरचे अपघात, कुटुंबातली मारहाण, वाचनाची सवय, सगळंच आरोग्य. मला स्वतःला ते पटतं, पण ऑडिटरला पटत नाही. मधले काही महिने निधी अडकला तेव्हा मोठ्या संस्था तगल्या, गावातल्या छोट्या संस्थांचे हाल झाले.

पण बघा, तरी फाउंडेशन मेलं नाही. कायद्यात अध्यक्ष म्हणून पंतप्रधानच आहेत आणि दर वर्षी मंत्रिमंडळ आणि संसदेपुढे अहवाल ठेवावा लागतो, त्यामुळे त्याला लाथ मारणं म्हणजे स्वतःलाच. शेजारच्या मलेशियाने २००६ ला कायदा करून असंच मंडळ काढलं होतं, मायसिहात, पण पैसा बजेटमधून. २०१९ ला सरकारने ते गुंडाळून खात्यात घातलं. व्हिएतनामने २०१२ च्या कायद्याने तंबाखू फंड काढला, कारखान्यातल्या किमतीच्या १% पासून सुरू करून २०१९ पर्यंत २% वर नेला, तो चालू आहे. मला यातून दिसतं ते हे की ज्याची नळी वेगळी तो मार खाऊनसुद्धा उभा राहतो.

सायंदेव

ठीक आहे, तुमचं थायलंड टिकलं. पण आपल्याकडे चंद्रपूरला २०१५ ला दारूबंदी केली आणि २०२१ ला उठवली, हे विसरू नका. राज्याला दारूच्या महसुलाची चटक लागलेली असताना २८० कोटी कोण सोडणार? उलट फंडाच्या नावाखाली आणखी दुकानांना परवाने देतील, "बघा आरोग्यासाठीच देतोय" म्हणून.

खर्रामुक्त

चंद्रपूरचं राहू द्या, आमच्याकडे १९९३ पासून बंदी आहे. बंदीमुळे दारू पूर्ण गेली नाही पण गावात बाया उभ्या राहिल्या, मोहाची भट्टी दिसली की फोडतात. २०१६ पासून मुक्तिपथ या व्यसनमुक्ती मोहिमेचं कामही चालू आहे, डॉ. बंगांची सर्च संस्था, टाटा ट्रस्ट आणि सरकार मिळून. पण मले नेहमी हाच घोर की ट्रस्टचा पैसा किती वर्षं? कोणतंही काम प्रकल्प म्हणून आलं की त्याला शेवटची तारीख राहते. खर्ऱ्याला शेवटची तारीख नाही.

आकडेमोड

@सायंदेव, परवाने वाढतील ही भीती खरी आहे, म्हणून फंडाचं नियंत्रण उत्पादन शुल्क खात्याकडे अजिबात नको. बाकी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने पान मसाल्यावर नवा सेस केला, कारखान्यातल्या मशिनांच्या क्षमतेवर, नावात आरोग्यही आहे आणि राष्ट्रीय सुरक्षाही. खर्रामुक्त म्हणतात तसं पाकीट मोजता येत नाही तर मशीन मोजा, ही युक्ती मला आवडली. पैसे बंदुकीकडे किती आणि ताईंकडे किती जातात ते बघू.

गटप्रवर्तक_ताई

मी परत आले. मेलबर्नच्या ताईंनी जर्सीचं लिहिलं ना, ते मला फार पटलं. आमच्या तालुक्याच्या गावी गणपतीची मोठी कमान असते, तिच्यावर दोन वर्षं वेलचीची जाहिरात. वेलची कोण खातं एवढी? सगळ्यांना माहीत आहे ती कशाची जाहिरात. मंडळाच्या पोरांना विचारलं तर म्हणाली, काकू, ते चाळीस हजार देतात, तुम्ही द्या, तुमचं लावतो. बोलणंच खुंटलं.

आणि धागाकर्त्यांना एक विचारायचं होतं. थायलंडमध्ये उपासतापासाचे दिवस धरून काही करतात का? आमच्याकडे माळकरी घर असेल तर तिथे मला दारूवर बोलावंच लागत नाही, आणि श्रावणात निम्मं गाव आपोआप बंद असतं. अडचण फक्त आदल्या गटारीला.

ओसरीवरचा

ताई, करतात, आणि तुम्हाला ऐकून मजा वाटेल. त्यांचा वर्षावास आषाढ पौर्णिमेनंतर सुरू होतो, तीन महिने, म्हणजे आपला चातुर्मासच जवळजवळ. २००३ पासून फाउंडेशन दर वर्षी "वर्षावासात दारू सोडा" अशी मोहीम चालवतं. आधीपासून लोक थोडंफार पाळायचेच, यांनी फक्त जुन्या सवयीला धक्का दिला. सुरुवातीच्या दिवशी गावातले लोक देवळात जाऊन भिक्खूसमोर कागदावर सही करतात, तीन महिने पिणार नाही. आमच्या कारखान्यातही कागद फिरतो. आमच्या सुपरवायझरच्या घरी तीन वर्षांच्या सह्यांचे कागद भिंतीवर लावलेत, पहिल्या वर्षीच्या कागदावर त्याच्या बायकोने खाली लिहिलंय, "१९ दिवस".

चहाबाज_पुणेकर

१९ दिवस 😂 प्रामाणिक बाई आहे.

गटप्रवर्तक_ताई

हे करता येईल. सप्ताहाला कीर्तनकार येतात त्यांच्यासमोर सह्या घेता येतील, त्याला काही खर्च नाही. फक्त एक फलक हवा, तुमच्या त्या मयतीच्या मांडवासारखा. फोटो असेल तर टाका, मी मजकूर आपल्या पद्धतीने लिहिते.

ओसरीवरचा

फोटो शोधून टाकतो. मजकूर अगदी साधा आहे, "या घरी दुःख आहे. दारू नाही. सोबतीला या." खाली सॉ सॉ सॉ चं चिन्ह.

गटप्रवर्तक_ताई

छान आहे. फलक साधारण सहाशे रुपयांत होईल, अबंधित निधीतून घालता येईल, पण नियमाने तीन कोटेशन जोडावी लागतात. बॅनरवाला आमच्याकडे एकच आहे. बघते, तो तीन लेटरहेड ठेवून असतो.